युरियावरचा शंभर टक्के नैसर्गिक इलाज

१ ऑगस्ट, शुक्रवार

आजपासून रोजनिशी. प्रयोग सुरू होतोय आणि प्रयोगाला नोंद लागते. वाचणारा मी एकटाच, त्यामुळे खरं तेच लिहीन.

प्रयोगाचा विषय: युरिया. खत नव्हे, आमचा कुत्रा. तीन वर्षांपूर्वी दुकानामागच्या रिकाम्या पोत्यांत पिल्लू सापडलं, पांढरंशुभ्र, म्हणून मी नाव ठेवलं युरिया. रस्त्यात हाक मारली की दोन-चार शेतकरी स्टॉक आला का म्हणून वळून बघतात, पण आता नाव बदलता येत नाही. तर युरिया सध्या सारखा खाजवतो. मागच्या पायानं कान, दातानं शेपटीचं मूळ, आणि पाठ दिवाणाच्या कडेला घासून. पिसवा झाल्यात.

बायकोनं सकाळीच निकाल दिला. वंदना म्हणाली, पोळ्यापर्यंत ह्याची खाज गेली तर बराबर, न्हाई तर दुसऱ्या दिवशी मी ह्याला आष्टीला बद्रीनाथकडं धाडून देणार. बद्रीनाथ म्हणजे तिचा भाऊ. त्याच्या मक्यात रानडुकरं येऊन राह्यलीत, त्याला राखणीला कुत्रं पाहिजेच. मी म्हणालो, बेशक. मला काय फरक पडतो.

इथं एक गोष्ट स्पष्ट करून ठेवतो. मी काही कुत्र्यांचा वेडा नाही. तो रात्री माझ्या पायाशी झोपतो, तो त्याचा प्रश्न. पण वडीगोद्रीत हायवेला अठरा वर्षं माझं कृषी सेवा केंद्र आहे. मावा, तुडतुडे, बोंडअळी, सगळ्यांना मी पुरून उरलोय. आणि माझ्याच घरात किडीमुळे कुत्रा घालवावा लागला तर गिऱ्हाईक काय म्हणेल? तत्त्वाचा प्रश्न आहे.

वंदना म्हणाली, अंबडच्या जनावरांच्या डॉक्टरला दाखवा, एका गोळीचं काम है. मी साफ नकार दिला. दिवसभर दुकानात विष विकतो, घरात विष नको. शिवाय गेल्या महिन्यात बदनापूरला नैसर्गिक शेतीचं दोन दिवसांचं शिबिर केलंय. दुसऱ्या दिवशी जेवण करून लगेच निघालो होतो, पण सर्टिफिकेट मिळालं. फ्रेम करून लायसनच्या शेजारी लावलंय.

संकल्प: शंभर टक्के नैसर्गिक. कीड ही कीडच असते, मग ती कपाशीवर असो की कुत्र्यावर. पोळ्याला भरपूर वेळ आहे.

२ ऑगस्ट, शनिवार

पहिला हप्ता: कडुलिंब. पाला उकळून काढा केला. वंदनाचं दुधाचं पातेलं वापरलं, कारण बाकीची लहान होती. यावर सकाळ गेली.

काढा कोमट करून युरियाला अंगणात बांधलं. पहिला मग अंगावर घेतला शहाण्यासारखा. दुसऱ्या मगाला पट्ट्यातून मान काढून पळाला. मी मागे. मला वाटतं काढ्याचा बराचसा भाग माझ्याच अंगावर गेला. युरिया समोरच्या नालीत लोळून आला, आता तो पांढरा नाही.

वंदना म्हणाली, दुधाला कडू वास येऊन राह्यला. चहा कडू झाला. मी म्हणालो, रक्त शुद्ध होतं. तिनं माझा कप उचलला आणि मोरीत ओतला.

निष्कर्ष: औषध बरोबर, फवारणीची पद्धत चुकली. कपाशी जागेवर उभी राहते, हा फरक लक्षात घेतला पाहिजे.

४ ऑगस्ट, सोमवार. उपवास.

दुसरा हप्ता: हळद आणि खोबरेल तेल. आमची आकांक्षा बारावीला सायन्सला आहे, पण घरच्या ज्ञानावर तिचा विश्वास नाही. मोबाईल बघून म्हणाली, पप्पा, हळदीनं पिसवा मरतात असं कुठंच न्हाई. मी म्हणालो, कुठंच नसतं म्हणून तर प्रयोग करायचा असतो.

लेप छान बसला. युरिया शांत उभा राहिला, कारण तेल चाटायला मिळत होतं. नंतर घरात गेला. दिवाणावर, वंदनाच्या धुतलेल्या साड्यांच्या घडीवर आणि आकांक्षाच्या फिजिक्सच्या वहीवर बसला. सगळीकडे पिवळं झालं आहे.

दुकानात कडूबा म्हणून माझं जुनं गिऱ्हाईक आहे, मोसंबीवाला. त्यानं युरियाला बघितलं आणि म्हणाला, शेठ, युरियाचं गंधक कामून झालं? सगळे हसले. मी पण हसलो, धंद्यात हसावं लागतं.

खाज: आहे तशीच. पण नजरेत फरक वाटतो.

५ ऑगस्ट, मंगळवार

दुकानाचं थोडं. गोदामातली मांजर व्यालीय. उंदरांनी बियाण्याची पाकिटं फाडणं बंद झालं, हेही नैसर्गिक नियंत्रणच. दुपारी मी खताच्या पोत्यांवर आडवा होतो तेव्हा पिल्लं पायावर खेळतात. बरं वाटतं.

गिऱ्हाईक मात्र हल्ली टिकत नाही. येतात, उभ्या उभ्या पाय आपटतात, घाईनं निघून जातात. मार्केट डाऊन आहे.

मला पण पोटरीला खाज. घामोळ्या असाव्यात.

६ ऑगस्ट, बुधवार

आंबट ताक. शिबिरात सांगितलं होतं की ताकानं बुरशी जाते. पिसू आणि बुरशी यात तसा फार फरक नाही, दोन्ही अंगावर राहतात.

युरियाला ताकानं माखलं. त्यानं पोहोचेल तिथपर्यंत स्वतःला चाटून काढलं. पाठीवरचं राहिलं होतं ते गल्लीतल्या कुत्र्यांनी काढलं. पाच-सहा कुत्री आली, युरिया मधे राजासारखा उभा. मुलं बघायला जमली. घरातलं ताक संपल्यामुळे जेवताना मला कोरडी भाकरी मिळाली.

निष्कर्ष: औषधाची चव चांगली असणं हा दोष आहे.

९ ऑगस्ट, शनिवार. राखी.

वंदना आणि आकांक्षा सकाळच्या गाडीनं आष्टीला गेल्या. मी आणि युरिया दोघंच. त्याला शेजारी बसवून नीट समजावून सांगितलं, की बाबा, तू सहकार्य कर, नाही तर मक्यात डुकरांच्या मागं पळावं लागेल. त्यानं माझ्या गुडघ्यावर हनुवटी ठेवली. मग कान खाजवला.

संध्याकाळी वंदना आली ती बातमी घेऊन. बद्रीनाथनं नवी साखळी आणि पितळी घुंगरू लावलेला पट्टा आणून ठेवलाय. मक्याच्या कडेला पत्र्याचं खोपटंही केलंय. फोनवर मला म्हणाला, दाजी, तुम्ही बिलकुल टेन्शन घेऊ नका, मी त्याला रोज दूध-भाकर घालतो. चांगला मुलगा आहे. पण मला त्याचा राग आला, आणि जेवण गेलं नाही. पित्त झालं असेल.

१० ऑगस्ट, रविवार

आज डोकं चाललं. इतके दिवस मी किडीच्या मागे पळत होतो. शेतात आपण काय करतो? सापळा लावतो, कीड आपणहून येते! दुकानातून पिवळे चिकट सापळे आणले, पांढऱ्या माशीला लावतो तेच. औषध नाही, विष नाही, नुसता रंग आणि डिंक. एक जास्तीचा गठ्ठा फोडून गोदामात ठेवला होता, त्यातला एक पोत्यांच्या खाली सरकला, तो तिथंच राहू दिला.

युरियाच्या झोपायच्या जागेभोवती, दिवाणाखाली आणि दाराच्या चौकटीला सापळे लावले.

दुपारी ३. सापळ्यावर: चिलटं, एक पाल (जिवंत), वंदनाची ओढणी.

दुपारी ४. युरियाची शेपटी. त्यानं दचकून उडी मारली, तेव्हा दुसरा सापळा कुशीला. दोन पिवळे पंख लावून तो घरभर फिरला. मी पकडायला गेलो तर तिसरा माझ्या टकलावर बसला. आकांक्षानं गोडं तेल लावून, कात्रीनं केस कापून त्याला सोडवलं. मला सोडवायला कात्री लागली नाही, तेल लागलं. ती हसत होती, पण डोळ्यांत पाणी होतं. म्हणाली, पप्पा, तो तुम्हाला भिऊन राह्यला आता. मी म्हणालो, कुत्रा आणि मला भिणार? शक्यच नाही. हाक मारली. तो दिवाणाखालून आला नाही. झोप लागली असेल.

संध्याकाळी दुकान बंद करताना पाहिलं तर गोदामातल्या त्या एका सापळ्यावर काळे ठिपके खच्चून. फुलकिडे असावेत. बियाण्याच्या कंपनीकडे तक्रार केली पाहिजे.

१२ ऑगस्ट, मंगळवार

शेवटचं अस्त्र: दशपर्णी अर्क. दहा वनस्पतींचा पाला, गोमूत्र, शेण, सगळं टिपाडात कुजवायचं. कपाशीवर याच्यापुढे काही टिकत नाही. कुजायला खरं तर महिना लागतो, पण पोळा जवळ आल्यामुळे मी कालावधी कमी केला आहे. कडुलिंब, करंज, सीताफळ, रुई, धोतरा, कण्हेर, पपई, निरगुडी, एरंड, गुळवेल. सगळं मीच तोडून आणलं. टिपाड मागच्या अंगणात ठेवलं, झाकण लावून वर दगड.

वास येतो. शेजारच्या प्रभावती मॅडम, शाळेच्या हेडमास्तरीण, भिंतीवरून म्हणाल्या की काही मेलंय का. मी म्हणालो, अजून नाही.

१४ ऑगस्ट, गुरुवार

काल मी दुकानात असताना वंदना आणि आकांक्षा स्कूटीवर अंबडला गेल्या होत्या, ब्लाऊज शिवायला टाकायला. युरियाला पण नेलं होतं. मी विचारलं, त्याला कशाला? आकांक्षा म्हणाली, त्याला हवा लागते. आल्यावर वंदनानं त्याला तुपात कालवलेला भाकरीचा लाडू भरवला, स्वतःच्या हातानं. पाठवायचा आहे म्हणून आता लाड सुरू झालेत. मला माझ्या वाढदिवसाला तूप मोजून मिळतं.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

शाळेत झेंडावंदन. मला पाहुण्यांच्या रांगेत खुर्ची होती, गावातले उद्योजक म्हणून. पांढरा शर्ट-पँट, इस्त्री.

राष्ट्रगीत सुरू झालं आणि नेमकी तेव्हाच डाव्या पोटरीला, मग गुडघ्याच्या मागे, मग त्याच्याही वर. मी हललो नाही. त्या मिनिटभरात मी काय सोसलं ते माझं मला माहीत. जयघोष झाला आणि मी दोन्ही हातांनी सुरू झालो. प्रभावती मॅडमनी आपली खुर्ची थोडी बाजूला घेतली. नंतर एक लहान पोरगी माईकवर भाषण करत होती आणि सगळी पोरं माझ्याकडे बघत होती.

घामोळ्या फार वाढल्यात. युरिया घरी सावलीत पडून होता. खाजवत नव्हता, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

१७ ऑगस्ट, रविवार

यश!!

दोन दिवस बारीक लक्ष ठेवलं. युरिया खाजवत नाही. शेपटीच्या मुळाशी बारीक लव येतेय. मी सगळ्या शक्यता तपासल्या. कडुलिंब नाही, हळद नाही, ताक नाही. उरलं एकच: दशपर्णी. ते अजून त्याच्या अंगाला लागलंही नाही, पण मी रोज झाकण काढून ढवळतो तेव्हा तो दहा-पंधरा फुटांवर असतो. म्हणजे नुसत्या वासानं काम केलं. हे तर शिबिरातल्या लोकांनाही माहीत नसणार.

लगेच दुकानाबाहेर पाटी लावली: पाळीव प्राण्यांच्या खाजेवर शंभर टक्के नैसर्गिक सल्ला, मोफत. दोघंजण येऊन गेले. एकानं विचारलं, वास कुत्र्याला द्यायचा का पिसवांना? प्रश्न चांगला आहे, विचार करतो म्हणालो. तोही पाय आपटत होता.

वंदनाला सांगितलं, बघ, पोळ्याच्या आधी करून दाखवलं. ती म्हणाली, व्हय ना, कमालच झाली तुमची. आकांक्षा तोंड दाबून आत गेली. अभिमान वाटला असेल, दाखवता येत नाही तिला.

आता युरिया कुठंही जात नाही. आज मी दोन वेळा जेवलो.

१९ ऑगस्ट, मंगळवार

घरात एक विचित्र प्रकार. कुत्रा खाजवत नाही आणि बाकी सगळे खाजवतात. वंदनाच्या पायावर लाल पुरळ, आकांक्षाच्या मनगटावर. दोघी माझ्यावर चिडल्यात. वंदना म्हणाली, पिसवा अजून घरात हैतच, मंग कुत्रं कामून ठेवायचं, त्याला जावंच लागंल. मी म्हणालो, अगं पण तो बरा झालाय! ती म्हणाली, मंग ह्या येतात कुठून?

ठरवलं आहे की उद्या दशपर्णीची वाटी घरात प्रत्येक खोलीत ठेवायची.

२० ऑगस्ट, बुधवार

वाटी ठेवायची राहिली. काय झालं ते क्रमानं लिहितो.

दुपारी जेवायला घरी आलो तर दिवाणावर डॉ. संघपाल साळवे चहा पीत बसलेले. अंबडचे जनावरांचे डॉक्टर. युरिया त्यांच्या मांडीवर. वंदनानंच फोन करून बोलावलं होतं. डॉक्टरांनी पांढऱ्या कागदावर युरियाला बारीक फणीनं विंचरलं. कागद कोरा. म्हणाले, गोळीचं काम चोख झालंय.

मी विचारलं, कोणती गोळी?

वंदना आणि आकांक्षानं एकमेकींकडे बघितलं. मग वंदनाच बोलली, ब्लाऊज न्हवता, मागच्या बुधवारी ह्यालाच दाखवायला गेल्तो, गोळी तुपाच्या लाडवात घातली. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही लाडू तपासला असता.

ही गोळी आणि दशपर्णीचा वास यांचा एकत्रित परिणाम असू शकतो, असं मनात आलं. पण बोललो नाही.

डॉक्टर म्हणाले, कुत्रं साफ आहे, मग पिसवा बाहेरून येतात. घरात बाहेरून रोज कोण येतं? तिघांनी माझ्याकडे बघितलं. युरियानं पण बघितलं. डॉक्टरांनी माझी पँट घोट्याच्या वर केली, वाकून बघितली, आणि विचारलं की दुकानात कुत्रं-मांजर काही? मी म्हणालो, मांजर आहे, व्यालीय, पण ते आमचं नैसर्गिक नियंत्रण आहे.

सगळे दुकानात आले. डॉक्टरांनी मला आकांक्षाचे कॉलेजचे पांढरे मोजे गुडघ्यापर्यंत घालायला लावले आणि गोदामात पोत्यांमधून एक चक्कर मारून यायला सांगितलं. कडूबा आणि अजून चार गिऱ्हाईकं काउंटरपाशी उभी होती. मी चक्कर मारून आलो. मोज्यांवर काळं काळं आणि ते उड्या मारत होतं. कडूबा म्हणाला, आरारा, शेठ, हे तर बाजारच भरला! तरीच आम्ही दुकानात पाय आपटून राह्यलो इतके दिवस.

डॉक्टरांनी पोत्याखालचा चिकट सापळा पण पाहिला. ते फुलकिडे नव्हते.

म्हणजे मांजरीच्या पिसवा पोत्यांवर, पोत्यांवरून माझ्या पँटवर, आणि मी रोज घरी आलो की युरिया धावत येऊन माझ्या पायांना अंग घासतो. ज्याच्यासाठी मी एवढं केलं, त्याला मीच रोज नव्या ताज्या नेऊन देत होतो.

घरी परतल्यावर, जाता जाता डॉक्टरांनी मागच्या अंगणातलं टिपाड उघडलं. विचारलं, यात काय काय? मी सांगितलं. कण्हेर आणि धोतरा ऐकल्यावर त्यांचा चेहरा बदलला. म्हणाले, हे अंगावर टाकलं असतं आणि त्यानं चाटलं असतं, तर आज कुत्रं राहिलं नसतं.

ताक चाटलेलं आठवलं. पोटावरनं, पायांवरनं, पोहोचेल तिथलं सगळं चाटलं होतं त्यानं. मी तिथंच टिपाडाशेजारी बसलो. मला फार भीती वाटली. खाज थांबली नसती तर परवाच ते त्याच्या अंगावर टाकणार होतो मी.

अर्थात टिपाडाला झाकण होतं.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा.

टिपाड गावाबाहेर खड्डा करून पुरलं. पाटी काढली. दुकान बंद: डॉक्टरांनी सांगितलंय की गोदाम रिकामं करून झाडायचं, धुवायचं, मग त्यांच्या माणसाकडून फवारून घ्यायचं, आणि पंधरवड्यानं पुन्हा. मांजर आणि पिल्लांना वेगळं औषध. म्हणजे अठरा वर्षं फवारणीचा सल्ला देणाऱ्या माणसाच्या दुकानात बाहेरचा माणूस फवारणार. गिऱ्हाईकांना सांगितलंय की स्टॉक मोजणी चालू आहे. सगळ्यांना खरं माहीत आहे.

वंदनानं पुरणपोळी केली. मला ताट अंगणात वाढलं, कारण माझे घरातले कपडे अजून उकळत्या पाण्यात भिजत होते. मी टॉवेलवर जेवलो. बैलांची मिरवणूक समोरून गेली, शिंगांना बेगड लावलेली, झुली घातलेली. सगळे बैल माझ्यापेक्षा बऱ्या कपड्यांत होते.

२३ ऑगस्ट, शनिवार

सकाळी बद्रीनाथ पिकअप घेऊन आला. साखळी आणि घुंगराचा पट्टा हातात. मी युरियाला मागच्या खोलीत घेऊन बसलो होतो. ठरवलं होतं की या वेळी तत्त्व वगैरे काही सांगायचं नाही, सरळ म्हणायचं की मला तो पाहिजे. बाहेर आलो आणि म्हणालो. आवाज जरा चिरका आला.

वंदना म्हणाली, कुत्र्याला कोण पाठवून राह्यलं? ते साफ हे.

मग तिनं बद्रीनाथला बाजूला घेऊन सांगितलं. घरात पण फवारणी करायची आहे. दुकानात झोपता येत नाही. घरी राहिलो तर मी पुन्हा पिसवा घेऊन येईन, कारण मला गोदामात डोकावल्याशिवाय राहवत नाही, हे तिनं बरोबर ओळखलंय. बद्रीनाथनं डोकं खाजवलं (पिसवांमुळे नाही, विचारानं) आणि म्हणाला, ताई, गाडी आणलीच हे तर रिकामी कशाला नेऊ? दाजी, चला जल्दी.

मी पुढं बसायला गेलो तर बद्रीनाथ अजिजीनं म्हणाला, दाजी, सीटला नवं कव्हर टाकलंय. मी मागे हौद्यात बसलो. गावातून जाताना कडूबानं हात केला.

आष्टी, संध्याकाळ. मक्याच्या कडेचं पत्र्याचं खोपटं वाटलं तेवढं वाईट नाही. रानडुकरं आली की डबा वाजवायचा आणि ओरडायचं, असं बद्रीनाथनं समजावलं. दूध-भाकर खरंच देतो.

२५ ऑगस्ट, सोमवार. आष्टी.

डबा वाजवून हाताला फोड आलाय. डुकरं येतात ती येतातच, पण त्यांची एक ठरलेली वाट आहे हे माझ्या लक्षात आलं आहे. यावर एक नैसर्गिक उपाय डोक्यात आहे. बद्रीनाथला सांगायला गेलो तर तो घाईनं म्हणाला, न्हाई न्हाई दाजी, तुम्ही फक्त डबा वाजवा.

पोटरीची खाज गेली. डॉक्टरांना फोन करून विचारलं होतं की माणसानं काय लावायचं. ते म्हणाले, साबण. मी म्हणालो, आणि? ते म्हणाले, पाणी.

संध्याकाळी आकांक्षानं व्हिडिओ कॉल केला. म्हणाली, पप्पा, तुम्हाला एक दाखवते. फोन दाराकडे फिरवला. युरिया उंबऱ्यावर बसलेला, पाठ इकडं, तोंड रस्त्याकडं. पांढरा झालाय पुन्हा. ती म्हणाली, तुम्ही गेल्यापासून रोज ह्या टायमाला बसून राह्यतो, अंधार पडला तरी उठत न्हाई, काल जेवला पण न्हाई नीट. मी हाक मारली. त्यानं कान उभे केले, उठला, आणि धावत रस्त्यावर गेला. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. फोनमधे मी आहे हे त्याला कसं कळणार?

मला रडू आलं. लिहून टाकतो, लपवायचं काय आहे. भाकरीचा तुकडा हातातच राहिला आणि मी मक्यात बसून रडलो.

मग फोन वंदनानं घेतला. मी म्हणालो, परवा गणपती बसतात, गणपतीला तरी येऊ ना घरी? ती म्हणाली, मला पण करमत न्हाई हो, पण ते काही माझ्या हातात न्हाई. उद्या डॉ. साळवे आष्टीला म्हशी तपासायला येणार हैत, ते तुम्हालाही बघतील. त्यांनी हो म्हटलं तर या.